विषय पाणी, आणि न पाठवलेला एक फोटो

खिडकीतली

आमचा ठाण्यातला हौशी फोटोवाल्यांचा एक छोटा गट आहे. पंधरा माणसं. दोघं निवृत्त, एक जण शाळेत शिकवतो, एक जण घणसोलीला रिक्षा चालवतो, मी तुर्भ्याला एका प्रयोगशाळेत काम करते. जानेवारीत आम्ही एका डब्यात बारा चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकीवर एक शब्द. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक चिठ्ठी काढायची आणि महिनाभर त्या शब्दावर फोटो काढायचा. नियम थोडेच होते. फोटो त्याच महिन्यातला हवा, ठाणे किंवा नवी मुंबईतला हवा, एका माणसाचा एकच, आणि कातरणं व उजेड कमी-जास्त करणं यापलीकडे काही करायचं नाही. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी सहा बाय आठची प्रिंट आणायची, नाव मागे लिहायचं आणि टेबलावर मांडायची. आधी फोटो बघायचा, मग तो कुणाचा ते कळणार.

वर्ष संपलं. परवा रात्री माझ्या बाराही प्रिंट पलंगावर मांडल्या, आणि इतरांच्या आठवतील तेवढ्या मनात मांडल्या. त्याबद्दल लिहायचं आहे. इतरांचे फोटो इथे लावत नाही, ते त्यांचे आहेत. शब्दांत सांगते.

पहिला विषय 'दार'. पंधरापैकी नऊ जणांनी जुनी लाकडी दारं आणली. कड्या, कोयंडे, उडालेला रंग. मीही त्यातच. वेगळा निघाला तो जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दाराचा, आतून काढलेला. बाहेर एक आजोबा दुधाची पिशवी धरून उभे आहेत आणि जाळीच्या चौकटींमुळे त्यांचे वीस-पंचवीस तुकडे झालेत. 'रांग'मध्ये ठाणे स्टेशनबाहेरची रात्री आठची रिक्षाची रांग होती. सगळ्यांच्या हनुवटीवर मोबाइलचा निळसर उजेड, आणि मधोमध एक बाई, तिच्या हातात मोबाइल नाही, कलिंगड आहे. ते तिने बाळासारखं कडेवर घेतलंय. तो फोटो मी आजही डोळे मिटून बघू शकते.

'हात' या विषयाला मी जांभळी नाक्यावर गजरे ओवणाऱ्या बाईचे हात काढले. फोटो वाईट नव्हता. पण शेजारी ठेवलेल्या प्रिंटमध्ये रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन होतं आणि त्यावर टेकवलेलं एक बोट. त्या माणसाने आयुष्यभर विटा उचलल्या होत्या, बोटावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या आणि मशीन त्याला ओळखत नव्हतं. बोटाखाली तांबडा दिवा. टेबलाभोवती बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता 'पाणी'. हा विषय एप्रिलमध्ये निघाला. तलावांच्या शहरात हा शब्द म्हणजे हातात आयतंच दिल्यासारखं. टेबलावर मासुंदा, उपवन, कचराळी मिळून पाच तलाव आले. फ्लेमिंगो चार. नळाचा थेंब दोन, कारंजं एक, माठ एक. मी उपवन काढलं होतं. संध्याकाळी येऊरचे डोंगर पाण्यात उतरतात ते. त्यासाठी तीन संध्याकाळी गेले होते, तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि पाणी आरशासारखं झालं. प्रिंट सुंदर आली होती. सगळे 'छान' म्हणाले आणि बोट पुढच्या प्रिंटवर सरकलं.

पुढची प्रिंट आमच्या रिक्षावाल्या मित्राची. दिघ्याजवळच्या एका वस्तीत पाण्यासाठी लावलेल्या कॅनची ओळ. वीसेक कॅन, सगळे सारखे पांढरे, आणि प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी. कुणाची साडीची काठ, कुणाची शाळेची निळी टाय. आपला कॅन ओळखू यावा म्हणून. फोटोत पाण्याचा थेंब नाही.

तिथेच मला आठवलं की माझ्याही कार्डावर त्याच महिन्यात काढलेला एक फोटो पडून आहे. आमचं नौपाड्यातलं घर पुनर्बांधणीसाठी रिकामं करायचं होतं. ३८ वर्षांचा संसार दोन टेम्पोंत गेला. शेवटच्या सकाळी मी किल्ली द्यायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याशेजारी, जिथे आमचं पाण्याचं पितळी पिंप असायचं, तिथे शहाबादी फरशीवर एक गोल उमटलेला दिसला. आतली फरशी जवळपास काळी, बाहेरची झिजून फिकट. मी चार फोटो काढले, पाठवावा असं मनातही आलं नाही, आणि संध्याकाळी कॅमेरा घेऊन उपवनला गेले.

मला वाटतं, वर्षभर मी हेच करत होते. शब्द ऐकला की तो शब्द इतरांना कसा दिसेल ते शोधायला बाहेर पडायचे. पाणी म्हटलं की तलाव. पण आमच्या घरात पाणी म्हणजे ते पिंप होतं. पहाटे साडेचारला नळ यायचा, आई उठून ते भरायची, आणि पिंप भरत आल्याचा बदललेला आवाज झोपेतही कळायचा. नियमाप्रमाणे तो फोटो आता कुठेच बसत नाही, महिना उलटून गेला. इथे मात्र लावते. तुमच्याकडेही असे न पाठवलेले फोटो असतील तर सांगा. आणि हा फोटो कसा वाटतो तेही मोकळेपणाने सांगा.

---

ऐरोलीकर

ताई, मनापासून लिहिलंय. गोलाचा फोटो आवडला. पण फ्लेमिंगोंना तलावांच्या रांगेत बसवलंत त्याबद्दल दोन शब्द.

मी नऊ वर्षं ठाण्याच्या खाडीवर जातोय. पहिल्या वर्षी मीही कुणीही काढतो तोच फोटो काढला, गुलाबी थवा आणि मागे इमारती. मग हळूहळू खाडीचं घड्याळ कळलं. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला ओहोटी असेल तर उद्या आठच्या सुमारास. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पसरून चरतात. भरती चढली की खाडीत पाय टेकायला जागा उरत नाही, मग थवे उठतात आणि नेरुळच्या पाणथळ जागांकडे येऊन विसावतात. खाडीचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलं, पण नेरुळची ही तळी त्या हद्दीच्या बाहेर आहेत. भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली की तळं सुकतं, आणि पक्ष्याला भरतीचे चार-पाच तास काढायला जागाच राहत नाही.

माझा आवडता फोटो थव्याचा नाहीच. एकच लहान रोहित (फ्लेमिंगोचीच एक जात), काळपट लाल चोच, एका पायावर, आणि त्याच्या पायाभोवती चिखलात त्यानेच फिरून फिरून केलेलं वर्तुळ. तुमचा गोल बघून तो आठवला. फ्लेमिंगो म्हणजे कॅलेंडरचा विषय असं नसतं. आपण त्याच्याकडे किती वेळा गेलो त्यावर आहे.

---

खिडकीतली

ऐरोलीकर, तुमचं पटलं आणि माझं वाक्य सैल होतं हेही पटलं. त्या चार फ्लेमिंगोंपैकी एक फोटो खरंच वेगळा होता, ओहोटीनंतरचा नुसता चिखल आणि त्यावर शेकडो पावलांचे ठसे. तो मी वर सांगायला हवा होता. तीन संध्याकाळी उपवनला जाणं आणि नऊ वर्षं खाडीवर जाणं यातला फरक आता लिहिताना कळतोय.

तुमचा एका पायाचा रोहित इथे लावाल का?

---

जुना_रोल

लेख वाचून जुने दिवस आले. माझ्याकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, भारतातच बनलेला. १२० चा रोल घालायचा, बारा फोटो निघायचे, चौकोनी. लग्नाला जा, सहलीला जा, बाराच. त्यामुळे बटण दाबायच्या आधी माणूस दहा वेळा बघायचा. उन्हात काढायचा आणि सूर्य पाठीशी ठेवायचा, एवढीच विद्या आम्हाला होती.

पण एक खरं सांगतो. बारा फोटो असल्यामुळे आम्हीही घरच्या वस्तूंवर फोटो 'वाया' घालवले नाहीत. माझ्याकडे आईचा फोटो आहे तो तलावपाळीवर ठरवून उभं केलेला, पदर नीट घेतलेला. जात्याशी बसलेली, चुलीशी बसलेली आई एकाही रोलमध्ये नाही. तेव्हा ती रोजच दिसत होती ना. तुम्ही निदान बटण दाबलंत. महिना उलटला तर उलटला.

चार फोटो काढले म्हणता. चारही सारखेच आहेत की उभं राहायची जागा बदललीत?

---

खिडकीतली

काका, दोन अगदी वरून, सरळ खाली बघत. त्यात गोल पूर्ण गोल येतो पण फरशी कागदासारखी सपाट वाटते. तिसरा दारातून, त्यात ओटा आणि नळही आहे पण गोल अगदी लहान दिसतो. चौथा गुडघ्यावर बसून, तोच वर लावलाय. सकाळचे सात वाजले होते आणि खिडकीतून उजेड जमिनीला चाटून येत होता, त्यामुळे काठाचा उंचवटा दिसला. तिसऱ्याला हात थोडा हलला होता, म्हणून एक श्वास सोडून मग चौथा काढला.

तुमच्या आईचं वाचून गलबललं.

---

तीनहातनाका

मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून सांगतो, राग मानू नका.

एक. हा फोटो तुमच्या लेखाशिवाय उभा राहत नाही. मी आधी फोटो बघितला आणि मला फरशीवरचा डाग दिसला. लेख वाचल्यावर गोल दिसला, पिंप दिसलं, पहाट दिसली. म्हणजे हे काम शब्दांनी केलं, फोटोने केलेलं नाही. तुमच्या मित्राचे कॅन आणि चिंध्या शब्दांशिवाय समजतात. रेशनच्या मशीनवरचं बोटही बहुतेक समजेल. 'पाणी' म्हणून टेबलावर हा गोल ठेवला असतात आणि तुम्ही गप्प राहिला असतात, तर बोट त्यावरूनही सरकलं असतं असं मला वाटतं.

दोन. चौकट. गोलाच्या डावीकडे एक पांढुरका पट्टा आहे, गोलाच्या काठापासून ओट्यापर्यंत गेलेला. संपूर्ण फोटोत सगळ्यात उजळ जागा तीच आहे, आणि डोळा उजळ जागेकडेच आधी जातो. गोलाकडे बघायला गेलो की नजर तिकडे घसरते. डावीकडून कातरा, गोल थोडा कडेला येऊ द्या, फोटो एकदम घट्ट होईल. तुमच्या नियमांतही ते बसतं.

तीन. उजेडाची दिशा अगदी बरोबर पकडली आहे. भर दुपारी काढला असता तर तो गोल दिसलाच नसता.

---

शेवंती

तीनहातनाका, दुसऱ्या मुद्द्याचं मला कळत नाही, पण पहिल्याशी मी असहमत.

ज्यांच्या घरात पिंप होतं त्यांना हा गोल शब्दांशिवाय कळतो. मी वाशीला सिडकोच्या घरात वाढले, आमच्याकडे स्टीलचं होतं, आणि आमच्याही फरशीवर असा गोल होता. फोटो उघडल्या उघडल्या माझ्या तोंडातून 'अगं बाई' निघालं, मग मी वाचायला घेतलं. प्रत्येक फोटोने प्रत्येकाशी बोललंच पाहिजे असं कुठे आहे? घरातली बोली असते तसे घरातले फोटो असतात.

मला दुसरं विचारायचं आहे. रेशन दुकानातल्या त्या माणसाला माहीत होतं का, की त्याच्या बोटाचा फोटो पंधरा लोक टेबलावर बघणार आहेत? अशा विषयांत गरिबाचे हात, म्हातारीच्या सुरकुत्या, रस्त्यावरची मुलं फार सहज येतात. फोटो चांगला निघतो आणि त्या माणसाच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. लग्नाच्या हॉलमध्ये आपण विचारून काढतो, मग फुटपाथवर का नाही?

---

खिडकीतली

शेवंती, विचारलंत ते बरं केलंत. हाच प्रश्न त्या रविवारी टेबलावरही आला होता. ज्याने काढला तो शिक्षक आहे. त्याने त्या माणसाला आधी विचारलं होतं आणि चेहरा येणार नाही असा शब्द दिला होता. बोटाचाच फोटो असण्याचं कारण तेच. त्या दिवशी धान्य मिळेपर्यंत तो तिथे थांबला. नंतर त्याने एक प्रिंट नेऊन दिली.

माझी जांभळी नाक्यावरची गजरेवाली मात्र मी विचारल्याशिवाय काढली होती. रस्त्याच्या पलीकडून, लांबच्या लेन्सने. तेव्हा मला ते कौशल्य वाटलं होतं. त्या चर्चेनंतर मी प्रिंट घेऊन तिच्याकडे गेले. तिने बघितली आणि म्हणाली, 'अहो, अबोलीचा ओवत होते तेव्हा काढायचा ना, हा साधा मोगरा आहे.' तिच्या लेखी कुठला गजरा फोटोत यावा हे महत्त्वाचं होतं, आणि मी ते तिला विचारलंच नव्हतं. मग तिने अबोलीचा ओवला आणि मी पुढ्यात बसून काढला. महिना संपला होता म्हणून तो कुठेही पाठवला नाही. तो पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे.

---

मीटरडाऊन

मी तो रिक्षावाला. ताईंनी लिंक पाठवली म्हणून आलो. मोबाइलवर लिहितोय, चुकभूल द्यावी.

माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइलच आहे. त्या वस्तीत मी भाडं सोडायला सकाळी जायचो. कॅनची ओळ रोज दिसायची. विषय 'पाणी' आला तेव्हा पहिल्यांदा मीपण मासुंद्यालाच गेलो होतो, कोपिनेश्वराच्या बाजूने. फोटो काढला, मोबाइलने आकाश आपोआप निळंशार करून दिलं, पाणी पण निळंशार. घरी येऊन बघितलं तर ओळखूच येईना. मासुंदा असा निळा कधी असतो?

दुसऱ्या दिवशी कॅनपाशी थांबलो. बायका म्हणाल्या कशाला काढतो, पाणी येत नाही ते दाखवायला काय? मी म्हटलं, तुमच्या चिंध्या आवडल्या. मग त्या हसल्या आणि एकेक सांगायला लागल्या. ही लाल माझी, ही निळी तिच्या पोराची टाय, पोरगा दहावी झाला. एका कॅनला दोन चिंध्या होत्या. दोन घरांचा एकच कॅन, अर्धा अर्धा.

तीनहातनाका दादा, तुम्ही म्हणता माझा फोटो शब्दांशिवाय समजतो. पण एकावर दोन चिंध्या आहेत हे टेबलावर कुणालाच दिसलं नाही. मी सांगितल्यावर सगळ्यांनी प्रिंट उचलून बघितली. म्हणून मला वाटतं फोटो आणि बोलणं दोन्ही लागतं. गाडी एका चाकावर जात नाही.

आणि शेवंती ताई, फोटो काढायच्या आधी बोललं की फोटो पण चांगला येतो. मला तरी हाच अनुभव आहे.

---

सातवा_मजला

धागा छान चाललाय. मीटरडाऊन, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मोबाइलच्या निळ्या पाण्याबद्दल: मोबाइल एका बटणात एकामागून एक अनेक फोटो काढतो, काही कमी उजेडाचे, काही जास्त, आणि ते जोडून एक बनवतो. त्यामुळे आकाशही दिसतं आणि सावलीतलंही दिसतं. त्यावर रंग चढवणं हे त्याचं स्वतःचं. सेटिंगमध्ये ते बऱ्यापैकी कमी करता येतं, प्रो मोड असेल तर आणखी सोपं.

खिडकीतली, तुमच्या बारा विषयांत एखादा 'पांढरं' किंवा 'काळं' असा होता का? विचारायचं कारण, आमच्याकडेही सोसायटीतल्या मित्रांमध्ये १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, असा एक दिवसाचा विषय असतो. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच माणसाच्या फोटो काढायच्या पद्धतीची माहिती जगासाठी खुली झाली, म्हणून हा दिवस. गेल्या खेपेला विषय होता 'पांढरं', आणि निम्म्या लोकांचं पांढरं राखाडी आलं होतं.

---

खिडकीतली

हो, होता! ऑक्टोबरमध्ये 'पांढरं' निघाला. तीच गंमत आमच्याकडेही. एकाने कांदळवनाच्या कडेला बसलेला बगळा काढला होता, जवळून, चौकटभर पंख. सुंदर बगळा, पण धुळीच्या रंगाचा. तेव्हा आमच्यातल्या एका काकांनी फार चांगलं समजावलं. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही, समोर जे आहे ते मध्यम राखाडीच असणार असं धरून तो उजेड मोजतो. चौकटभर पांढरं असेल तर तो 'फार उजेड झाला' म्हणून कमी करतो. आपण त्याला सांगायचं, नाही रे, हे खरंच पांढरं आहे, आणि उजेड एक ते दीड पायरी (एक पायरी म्हणजे दुप्पट) वाढवायचा. काळ्या म्हशीला उलट, कमी करायचा. त्यानंतर मी अधिक-उणे ते बटण पहिल्यांदा समजून वापरलं. सहा वर्षं कॅमेरा हातात असून.

'वेग'मध्येही असंच शिकायला मिळालं. ट्रान्सहार्बरच्या (ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या) फलाटावर गाडी येताना १/१५ ला, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागाला, कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा. चाळीस प्रयत्नांत एक नीट आला. दारात उभ्या मुलीचा चेहरा स्थिर आणि बाकी सगळं वाहतंय. तांत्रिकदृष्ट्या वर्षातला माझा सर्वांत अवघड फोटो तो. तरी पलंगावर मांडल्यावर हात त्याच्यावर थांबला नाही.

---

जुना_रोल

थोडं अवांतर. ज्या ठाणे स्टेशनात हे फोटो काढता तिथे १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली गाडी आली. तो फलाट, ती गर्दी, गाडी बघायला आलेली माणसं यांचा एक तरी फोटो हाताशी असता तर काय बहार झाली असती असं मला नेहमी वाटतं. आज रोज लाखो माणसं तिथून जातात आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तुम्ही लोक रिक्षाच्या रांगेतलं कलिंगड काढता, ते मला पुतळ्याच्या फोटोपेक्षा मोलाचं वाटतं. आणखी पन्नास वर्षांनी रिक्षाची रांग नसेल.

बाकी प्रिंट काढत राहा. माझे क्लिक थ्रीचे फोटो अजून डब्यात आहेत. दोन मोबाइल बदलले त्यात मधल्या चार वर्षांचे सगळे गेले.

---

तीनहातनाका

मीटरडाऊन, दोन चिंध्यांचं वाचून मी माझं पहिलं म्हणणं थोडं मागे घेतो. पूर्ण नाही. फोटो बघणाऱ्याला थांबवण्याइतकं तरी फोटोतच असलं पाहिजे, पुढचं बोलण्याने होऊ दे. कॅन थांबवतात. गोल शेवंतींना थांबवतो, मला नाही. आमच्या घरी टाकी गच्चीवर आणि नळाला चोवीस तास पाणी, पिंप मी मामाकडेच बघितलं. तेव्हा दोष फोटोचा की माझा हे आता ठामपणे सांगत नाही.

कातरण्याबद्दल मात्र अजून तेच म्हणेन. तो पांढरा पट्टा काढून एकदा बघाच. आवडला नाही तर मूळ फाइल आहेच.

---

ऐरोलीकर

मलाही पट्टा खटकला होता, म्हणालो नाही इतकंच. शहाबादी हा चुनखडीचा दगड. वर्षानुवर्षं एकाच जागी पाणी सांडत राहिलं की तिथली झळाळी जाऊन असा पांढुरका होतो. गळका नळ असणार.

---

खिडकीतली

आठवडाभराने येतेय. पट्टा कातरून बघितला. तीनहातनाका म्हणतात तसं चौकट घट्ट झाली हे खरं. दोन्हींच्या आठ बाय बाराच्या प्रिंट काढायच्या ठरवल्या. पहिल्या खेपेला लॅबमधून आली ती इतकी गडद की गोल कुठे आहे ते शोधावं लागलं. चूक माझीच. मी स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून ठेवते, स्क्रीन मागून उजळलेली असते आणि कागद तसा नसतो. मग स्क्रीन निम्म्यावर आणली, फोटो पुन्हा बघितला, जवळजवळ एक पायरी उजेड वाढवला आणि मॅट कागदावर काढला. घाईत फक्त न कातरलेलीच फाइल गेली. कातरलेली राहून गेली.

आई सध्या माझ्याकडे कळव्याला आहे. तिला या धाग्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी काहीच न सांगता प्रिंट तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, प्रिंट खिडकीशी नेली आणि म्हणाली, 'पिंपाची जागा.' मग बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता गोलावर बोट ठेवेल. तिने बोट ठेवलं त्या पांढऱ्या पट्ट्यावर.

'हा माझा हात,' म्हणाली.

आई डावखुरी आहे. पिंपातून तांब्या बुडवून ओट्यावरच्या कळशीत, पातेल्यात, कुकरमध्ये पाणी घालायची ते डाव्या हाताने, डाव्या बाजूने. तांब्याच्या बुडाचे थेंब जाता-येता तिथेच पडायचे. म्हणून पट्टा गोलाच्या काठापासून निघून ओट्यापर्यंत जातो. नळ कधीच गळका नव्हता, बाबा वायसर लगेच बदलायचे. लग्न होऊन आली तेव्हा आजी म्हणायची की डाव्या हाताने पाणी देऊ नये, तेही तिने सांगितलं. बाहेरच्यांना ती उजव्या हाताने द्यायची. स्वयंपाकघरात एकटी असली की डावा.

हे मी ३८ वर्षांत ऐकलं नव्हतं.

ऐरोलीकर, दगडाबद्दल तुम्ही सांगितलंत ते मी तिला सांगितलं, की पाण्याने झळाळी जाते. ती म्हणाली, 'असेल. मी रोज पुसायचे तरी जायचं नाही.'

प्रिंट आता तिच्या पलंगाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलीये. चौकट करायला टाकायची आहे, ती म्हणते काच नको, चकाकते. तीनहातनाका, कातरलेली फाइल तुम्हाला पाठवते, तुमच्याकडे असू द्या.

नव्या वर्षाची पहिली चिठ्ठी काल काढली. 'ऊब' आहे. मीटरडाऊन, या वेळी आधी तुमच्या रिक्षातून एक फेरी मारायची आहे, पहाटेची. कधी निघता ते कळवा.

---

मीटरडाऊन

पाच वाजता घणसोली स्टेशनच्या बाहेर. चहा मी पाजतो. स्वेटर आणा, खाडीवरून वारा येतो.